वरवरचं भूविज्ञान

हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे प्रकाशाचे बारीक तुकडे करून जमीन बघायची विद्या, शिकलेल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, "क्युप्राइट?" डोळे पुरते उघडायच्या आत तो "नेवाडा" म्हणेल आणि पाठोपाठ ॲल्युनाइट, केओलिनाइट, बडिंग्टोनाइट ही खनिजांची नावंही सांगून मोकळा होईल. माणूस पुण्याचा असो, डेहराडूनचा असो नाहीतर बीजिंगचा, उत्तर तेच. विमानातून घेतलेल्या वर्णपटीय प्रतिमेवरून जमिनीवरची खनिजं ओळखायची, ही विद्या आम्ही सगळे ज्या टेकड्यांवर शिकलो त्या टेकड्या आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेल्याच नसतात. सॉफ्टवेअरबरोबर सरावासाठी जी फाइल यायची ती क्युप्राइटची. बाहेर पुण्याचा जुलै, वेताळ टेकडी हिरवीगार, काळा कातळ कुठे उघडा दिसेल तर शपथ. आणि आत पडद्यावर नेवाडाच्या वाळवंटातले उघडेबोडके उतार लाल-निळ्या-पिवळ्या रंगांत रंगवत बसलेलो आम्ही.

तेव्हाही हे जरा विचित्र वाटायचं. राहतो ज्वालामुखीच्या खडकावर, कॉलेजच्या भिंती त्याच खडकाच्या, घरचा पाटा-वरवंटाही त्याचाच, आणि अभ्यासाला मात्र सातासमुद्रापलीकडचा दुसराच ज्वालामुखी. त्याला कारण आहे. ते नीट सांगायचं तर आधी नेवाडालाच जावं लागेल.

लास व्हेगासहून रीनोकडे जाणारा ९५ क्रमांकाचा महामार्ग एस्मेराल्डा काउंटीतून जातो. गोल्डफील्ड यायच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना फिकट रंगाच्या बुटक्या टेकड्या लागतात. हेच क्युप्राइट. गोल्डफील्डला १९०२ साली सोनं सापडलं आणि चार-पाच वर्षांत ते वीस हजार वस्तीचं, नेवाडातलं सर्वांत मोठं शहर होऊन बसलं. क्युप्राइटच्या नशिबी असली भरभराट नव्हती. नाव तांब्याच्या खनिजाचं, पण ज्याच्या जिवावर गाव वसावं आणि टिकावं असं काही तिथे निघालं नाही. त्याला प्रसिद्धी मिळाली ती वरून बघणाऱ्यांमुळे, आणि तीही विसावं शतक संपत आल्यावर.

मायोसीन काळात इथल्या ज्वालामुखीच्या खडकांतून गरम पाणी फिरत होतं. खालून येणाऱ्या वायूंत गंधक होतं, आणि गंधकाचा वायू वर येऊन हवेतल्या ऑक्सिजनला भेटला की त्याचं सल्फ्यूरिक आम्ल होतं. हे आम्ल खडकातल्या फेल्स्पार या खनिजावर तुटून पडतं. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम वाहून जातं आणि मागे काय उरायचं ते पाणी किती गरम आणि किती आंबट होतं यावर ठरतं. जिथे सगळ्यात जास्त मार बसला तिथे खडकाची जवळजवळ नुसती सिलिका झाली. त्याच्या आजूबाजूला ओपल, ॲल्युनाइट आणि केओलिनाइट आले. आणखी बाहेर, जिथे आम्लाचा जोर ओसरला होता, तिथे चिकणमातीची इतर खनिजं. म्हणून कुठलं खनिज कुठे आहे हे कळलं की झरा कुठे होता, तो कुठून वर आला आणि कुठे निवला हेही कळतं. झरा आटून लाखो वर्षं झाली तरी त्याचा नकाशा काढता येतो. सोन्याच्या मागे लागलेल्यांना हा नकाशा हवाच असतो, कारण असल्याच पाण्याबरोबर सोनंही येतं. शेजारच्या गोल्डफील्डला आलं तसं.

अडचण एवढीच की ही सगळी खनिजं पांढरी आहेत. पांढरी, पिवळट पांढरी, गुलाबट पांढरी. लोहाचा हात लागला असेल तर तांबूस. काही वर्षांपूर्वी व्हेगासला भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा हट्टाने त्याला गाडी तिकडे घ्यायला लावली. रस्त्याच्या कडेला उतरून त्याने चौफेर पाहिलं. "मामा, इथे बघायचं काय?" प्रश्न रास्त होता. मी एक खडा उचलून जिभेला लावला. "मामा! निदान धुवून तरी घे!" खडा जिभेला चिकटला. केओलिनाइट जिभेला चिकटतं. भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात आणि आम्ही जन्मभर दगड चाटत फिरतो. पुढचा खडा तसाच पांढरा होता, पण चिकटेना. ॲल्युनाइट? ओपल? नुसता विटलेला टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक? तो खिशात टाकण्यापलीकडे तिथे उभ्या उभ्या काही करण्यासारखं नव्हतं. ज्या टेकड्यांचा खनिजनकाशा मी डोळे मिटून काढला असता त्यांच्यावर प्रत्यक्ष उभं राहिल्यावर जीभ सोडून हातात उपकरण नव्हतं. भाच्याने मात्र फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, मामा दगड खातोय म्हणून.

डोळ्यांना जे पांढरं दिसतं ते अवरक्त प्रकाशात पांढरं नसतं, ही सगळी गंमत आहे. डोळा ०.७ मायक्रॉनच्या तरंगलांबीच्या आसपास थांबतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यापुढे २.५ मायक्रॉनपर्यंत सूर्यप्रकाश आहेच, आपल्याला दिसत नाही इतकंच. मातीच्या आणि ॲल्युनाइटसारख्या खनिजांच्या रचनेत हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. ही जोडी सतत थरथरत असते आणि ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळते. कुठला प्रकाश गिळायचा हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. शेजारी ॲल्युमिनियम असेल तर परत येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात २.२ मायक्रॉनच्या आसपास खाच पडते. मॅग्नेशियम असेल तर ती २.३ च्या पुढे सरकते. केओलिनाइटची खाच जोडखाच असते, २.१६ ला एक आणि २.२ ला दुसरी, अधिक खोल. ॲल्युनाइटची २.१७ च्या आसपास, रुंद. कॅल्साइटची २.३४ ला, पण ती कार्बोनेटची. लोहाची खनिजं अलीकडे, एक मायक्रॉनच्या आत, आपली खूण ठेवतात. फरक अगदी बारीक असतो, पण तो हटकून असतो.

हे प्रयोगशाळेत माहीत होतं. ग्रॅहम हंट आणि जॉन सॅलिसबरी यांनी १९७० च्या दशकात एकामागून एक खनिजं दळली, चाळली आणि त्यांचे वर्णपट नोंदवून छापले. कंटाळवाणं काम, आणि त्यावर ही अख्खी विद्या उभी आहे. उपग्रहांची दृष्टी तेव्हा फार जाडीभरडी होती. १९७२ च्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाला चारच बँड, म्हणजे प्रकाशाचे चारच पट्टे होते. १९८२ च्या लँडसॅटवर २.२ मायक्रॉनचा एक बँड भूवैज्ञानिकांच्या आग्रहाने घातला गेला, पण तो इतका रुंद होता की "इथे मातीचं काहीतरी आहे" यापलीकडे सांगायचा नाही. कुठली माती, ते गुलदस्त्यात.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अलेक्झांडर गोएट्झ यांना ते "कुठली" हवं होतं. नोव्हेंबर १९८१ मध्ये कोलंबिया या अवकाशयानाच्या दुसऱ्या उड्डाणात त्यांचं दहा बँडचं एक उपकरण गेलं. ते चित्र काढत नसे; यानाच्या खाली जमिनीची जी रेघ येईल तेवढ्याच रेघेवर मोजमाप घेई. त्या रेघेत इजिप्तच्या वाळवंटात केओलिनाइट ओळखता आलं, तेही कक्षेतून. मग १९८३ पासून विमानावरून 'एआयएस' हे वर्णपटीय चित्र काढणारं उपकरण उडू लागलं. त्यात १२८ बँड होते, पण चित्राची पट्टी अवघी ३२ पिक्सेल रुंद. शेतातल्या बांधाच्या रुंदीतून अख्खं गाव बघायचं तसा प्रकार. एवढ्या अरुंद फटीतून त्यांनी क्युप्राइट पाहिलं.

आणि तिथे एक आलेख असा निघाला की तो कुणाशीच जुळेना. खाच २.१२ मायक्रॉनला. ना केओलिनाइट, ना ॲल्युनाइट.

ही जागा लोकांना नवी नव्हती. रॉजर ॲशली आणि मायकल एब्रम्स यांनी १९८० साली क्युप्राइटच्या बदललेल्या खडकांचा नकाशा प्रसिद्ध केला होता. सिलिकाचा भाग, ओपलचा भाग, मातीचा भाग, सगळं. पण हा पांढरा दगड बाकीच्या पांढऱ्या दगडांत मिसळून गेलेला होता. जागेवरून नमुने आणले, तपासले आणि ते बडिंग्टोनाइट निघालं. गोएट्झ आणि श्रीवास्तव यांनी १९८५ साली ते मांडलं. बडिंग्टोनाइट हे अमोनियमचं फेल्स्पार. नेहमीच्या फेल्स्पारमध्ये पोटॅशियम बसतं त्या जागी अमोनियम जाऊन बसलेलं. त्याची पहिली नोंद १९६४ ची, कॅलिफोर्नियातल्या सल्फर बँक नावाच्या पाऱ्याच्या खाणीतली. तिथेही गरम झरे, तिथेही गंधक. अमोनियम येतं ते सहसा खालच्या गाळाच्या खडकांतल्या सेंद्रिय द्रव्यातून. गरम पाणी ते सोडवून वर आणतं. म्हणजे ज्वालामुखीच्या टेकडीवरचा हा फिका दगड सांगत होता की पाण्याने वर येताना वाटेत दुसराच कुठला तरी खडक पाहिलेला आहे.

या विषयावर कुणी काही सांग म्हटलं की मी हीच गोष्ट सांगतो, कारण विमानातलं यंत्र खनिज "ओळखतं" असं म्हणायची जी पद्धत पडलीय ती मला अर्धवट वाटते. आमच्या वाड्यात एक आजी होत्या, दृष्टी गेलेली. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते बिनचूक सांगायच्या. पण ज्याची पावलं आधी ऐकलीत त्याचंच नाव त्यांना सांगता येणार, अनोळखी पाऊल वाजलं की त्या "कोण आहे?" विचारायच्या. यंत्राचं तेच आहे. हंट-सॅलिसबरींनी ज्याची पावलं टिपून ठेवली त्याचं नाव ते सांगेल. पुढे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डेन्वरच्या प्रयोगशाळेत रॉजर क्लार्क, ग्रेग स्वेझ आणि मंडळींनी खनिजांच्या वर्णपटांची मोठी लायब्ररी उभी केली, ती आज जगभर वापरली जाते. लायब्ररी जितकी मोठी तितका यंत्राचा परिचय मोठा. पण २.१२ च्या खाचेपाशी "कोण आहे?" विचारलं ते माणसाने, आणि उत्तर आणायला कुणीतरी हातोडा घेऊन टेकडी चढलं.

आजची बरीच सॉफ्टवेअर "कोण आहे?" विचारतच नाहीत. प्रत्येक पिक्सेलला लायब्ररीतलं सगळ्यात जवळचं नाव चिकटवून देतात. अनोळखी पाहुण्यालाही शेजाऱ्याचं नाव. नकाशा रंगीत दिसतो, एकही जागा रिकामी नसते, आणि माझा त्या नकाशावरचा विश्वास उडायला तेवढं पुरेसं असतं.

१९८७ पासून ॲव्हिरिस हे पुढचं उपकरण उडू लागलं आणि खरी चैन सुरू झाली. ०.४ ते २.५ मायक्रॉन, २२४ बँड, प्रत्येकी सुमारे दहा नॅनोमीटरचा. ईआर-२ या विमानात बसून वीस किलोमीटर उंचीवरून खाली बघायचं. पुढे-मागे डोलणारा आरसा, त्यातून येणारा प्रकाश तंतूंमधून चार वर्णपटमापकांत वाटलेला, आणि अकरा किलोमीटर रुंदीची पट्टी. एक पिक्सेल म्हणजे सुमारे वीस मीटरचा चौकोन. त्या प्रत्येक चौकोनाचा पूर्ण आलेख.

अर्थात वीस किलोमीटरवरून बघायचं तर मध्ये हवा आहे. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो आणि परत हवेतूनच वर जातो, म्हणजे दोनदा मार खातो. हवेतली वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनपाशी इतका प्रकाश गिळते की तिथलं काहीच हाती लागत नाही. दोन मायक्रॉनच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आपल्या खाचा पाडतो. या खाचा खडकाच्या नव्हेत हे समजून त्या काढून टाकायच्या. त्यासाठी वातावरणाचं गणित असतं, आणि गणितावर भागत नाही म्हणून क्युप्राइटजवळच्या स्टोनवॉल प्लायाचा, म्हणजे कोरड्या तळ्याच्या सपाट फिकट तळाचा आधार घेतला गेला. तिथे जमिनीवर वर्णपट मोजायचा, विमानातून आलेल्याशी ताडून बघायचा, आणि उरलेला फरक सगळ्या चित्रातून वजा करायचा. वरून बघायची विद्या, पण तिचा पहिला पाय जमिनीवरच.

क्लार्क आणि स्वेझ यांनी १९९० च्या दशकात या आकड्यांतून काढलेले क्युप्राइटचे नकाशे अजूनही पाठ्यपुस्तकांत छापले जातात. माझ्या मते त्यांतला सर्वांत सुंदर भाग ॲल्युनाइटचा. ॲल्युनाइटमध्ये पोटॅशियम असतं, पण त्याच्या जागी सोडियमही बसू शकतं, आणि सोडियमचं प्रमाण वाढलं की खाचांच्या जागा थोड्या हलतात. सोडियमवालं ॲल्युनाइट सहसा जास्त तापमानाला बनतं. म्हणजे नुसतं "ॲल्युनाइट" न म्हणता "हे जरा जास्त गरम पाण्यातलं" असंही म्हणता येतं, तेही वीस किलोमीटर वरून, टेकडीला हात न लावता. स्वेझ आणि सहकाऱ्यांनी हे काम पुढे चालू ठेवलं आणि २०१४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलं. तीस वर्षं एकाच टेकड्यांकडे बघत राहणं मला फार आवडतं. आजकाल तेवढा धीर कुणाला परवडत नाही.

याच क्युप्राइटचं दुसरं आयुष्य मात्र मला खटकतं. १९९७ च्या उड्डाणातला २५० गुणिले १९० पिक्सेलचा एक तुकडा आहे. नवीन अल्गोरिदम काढला की त्यावर चालवून बघायचा, असा गणितवाल्यांत रिवाज पडला. आधी हवेने खाल्लेले आणि गोंगाटाचे बँड काढून टाकायचे: १ ते २, १०४ ते ११३, १४८ ते १६७, २२१ ते २२४. उरतात १८८. ही यादी इतक्या लेखांत वाचलीय की ती आता पाठ झाली आहे. मग बारा खनिजं आहेत असं धरून चालायचं आणि कोष्टकात आपला आकडा आधीच्यापेक्षा दशांशाने चांगला दाखवायचा. या लोकांनी टेकडी बघावी असं माझं म्हणणं नाही, पण बारा आकड्यांमागे दगड आहेत हे बऱ्याच लेखांत कुठे जाणवतसुद्धा नाही. आणि मुख्य म्हणजे क्युप्राइट सोपं आहे. झाड नाही, माती नाही, ढग नाहीत, खनिजं ठसठशीत. तिथे चाललं म्हणजे सगळीकडे चालेल असं नाही.

कारण विमानातून दिसते ती खडकाची नुसती कातडी. परावर्तित प्रकाश खडकात अगदी थोडा, मिलिमीटरच्याही आत, शिरून परत येतो. वाळवंटात दगडांवर लोह-मँगनीजचा काळपट लेप चढतो. तो जाड असेल तर आतला दगड बोलतच नाही. दगडफूल चढलं तर वर्णपट दगडफुलाचा. क्वार्ट्झ आणि साधं फेल्स्पार तर या प्रकाशात जवळजवळ मुकेच असतात. त्यांना बोलतं करायचं तर आठ ते बारा मायक्रॉनच्या उष्णतेच्या प्रकाशात जावं लागतं, आणि त्याची यंत्रं वेगळी. तेव्हा ही विद्या शब्दशः वरवरची आहे. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही.

कातडीवरून आतलं कितपत कळतं याचा कस लागला माउंट रेनियरवर. वॉशिंग्टन राज्यातला हा ४,३९२ मीटर उंचीचा, बर्फाने झाकलेला, झोपलेला पण जिवंत ज्वालामुखी. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी त्याच्या माथ्याचा मोठा भाग कोसळला आणि चिखलाचा लोंढा प्युजेट साउंडच्या खाडीपर्यंत गेला. त्याला ओसिओला लोंढा म्हणतात. त्या चिखलात मातीची खनिजं भरपूर आहेत. म्हणजे कोसळण्याआधीच माथ्याचा खडक क्युप्राइटसारखाच आम्लाच्या पाण्याने आतून सडलेला होता. खडकाची माती झाली की त्याचं बळ जातं, पाणी धरून ठेवायची सवय लागते, आणि मग भूकंप किंवा उद्रेकाची वाटही बघावी लागत नाही. सुमारे ५०० वर्षांपूर्वी पश्चिम उतारावरून असाच आणखी एक लोंढा उतरला. ऑर्टिंग नावाचं गाव आज त्याच्या गाळावर वसलेलं आहे.

मग प्रश्न साधा होता: आता सडका खडक कुठे आहे? क्रॉली आणि झिम्बेलमन यांनी ॲव्हिरिसच्या आकड्यांतून रेनियरवरच्या बदललेल्या खडकांचा नकाशा काढला, तो १९९७ मध्ये आला. जिथे बर्फ नाही तिथलाच अर्थात. बर्फाखाली आणि पृष्ठाखाली काय आहे हे कळायला हेलिकॉप्टरमधून खडकाची विद्युतवाहकता आणि चुंबकत्व मोजावं लागलं. सडलेला ओला खडक वीज चांगली वाहून नेतो आणि त्यातलं चुंबकीय खनिज नष्ट झालेलं असतं. २००१ मध्ये त्यातून दिसलं की असा खडक भरपूर जाडीचा आहे तो मुख्यतः आजच्या शिखराच्या पश्चिमेला. वरवर बघणाऱ्याने बोट दाखवलं आणि आत बघणाऱ्याने खोली सांगितली. कोणाची घरं लोंढ्याच्या वाटेत आहेत हे ठरवायला दोन्ही लागले.

हे वाचताना माळीण आठवणार नाही असा मराठी माणूस नसेल. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं ते गाव सकाळी डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. नंतर तळिये, नंतर इर्शाळवाडी. हे सगळे उतार ज्वालामुखीच्याच खडकाचे. पण इथे रेनियरचा कित्ता गिरवता येत नाही, आणि येतो असं कुणी रंगीत चित्रं दाखवून सांगितलं तर मी त्याला दोन प्रश्न जास्त विचारेन. सह्याद्रीच्या उतारांवर आम्लाच्या गरम पाण्याने सडलेला माथा नाही. तिथे आहे ती पावसाने विटलेल्या बेसाल्टची माती आणि मुरूम, वर गवत, झाडं, भातखाचरं. दरड कोसळायची वेळ म्हणजे ढगांनी गच्च भरलेले आषाढ-श्रावणाचे दिवस. वरवरच्या प्रकाशाला तिथे हिरवं पान दिसतं आणि बात खलास. तिथे उताराचे कोन, मातीची जाडी, पावसाचे आकडे आणि गावकऱ्यांनी पाहिलेल्या भेगा जास्त उपयोगाच्या.

पुण्यात बसून आम्ही नेवाडा का रंगवत होतो त्याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं बेसाल्टच्या स्वभावात आहे. डेक्कनचा बेसाल्ट काळा. येणाऱ्या प्रकाशातला फारच थोडा परत पाठवतो, मग खाचा कुठून उठून दिसणार? त्यातल्या पायरोक्सीन या खनिजाच्या दोन रुंद, उथळ खाचा, एक आणि दोन मायक्रॉनच्या आसपास, एवढंच त्याचं बोलणं. जे खरं देखणं ते बेसाल्टच्या पोकळ्यांत: वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट, जळगाव-नाशिककडचे स्टिल्बाइट, हुलँडाइट, ॲपोफिलाइट. जगभरच्या संग्रहालयांत आपली ही खनिजं बसली आहेत. यांतल्या झिओलाइट गटाच्या खनिजांच्या सगळ्यात ठळक खुणा त्यांच्यातल्या पाण्याच्या, आणि त्या पडतात नेमक्या १.४ आणि १.९ मायक्रॉनला. हवेतल्या वाफेने आंधळ्या केलेल्या त्याच दोन जागांवर. दैव म्हणतात ते हेच.

गंमत म्हणजे तोच काळा बेसाल्ट चंद्रावर सोपा जातो. तिथे हवा नाही, गवत नाही. चांद्रयान-१ वर २००८ साली गेलेलं मून मिनरॉलॉजी मॅपर हे उपकरण ॲव्हिरिसच्याच घराण्यातलं, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत बनलेलं. चंद्रावरच्या काळ्या मैदानांतल्या पायरोक्सीनच्या खाचा त्याने स्वच्छ टिपल्या, आणि २००९ मध्ये तीन मायक्रॉनजवळच्या खाचेवरून पाणी आणि हायड्रॉक्सिलची बातमी दिली. तिथेही आधी उपकरणाचा दोष असेल म्हणून संशय घेतला गेला, दुसऱ्या यानांचे आकडे ताडून पाहिले गेले. हा संशय मला बातमीपेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्या जमिनीवरही ॲव्हिरिसची पुढची पिढी उडून गेली आहे. इस्रो आणि नासाने मिळून २०१५-१६ च्या हिवाळ्यात आणि पुन्हा २०१८ मध्ये ते उपकरण इस्रोच्या बी-२०० विमानात बसवून देशभर फिरवलं. आता पाच नॅनोमीटरचे बँड आणि चारशेहून अधिक. ज्यांना विमान परवडत नाही त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२२ पासून एमिट हे तसलंच उपकरण आहे. त्याचा पिक्सेल साठ मीटरचा, पण आकडे फुकट आणि कुणालाही खुले. आमच्या वेळी हे असतं तर, असं म्हणायचा मोह होतो. आजच्या विद्यार्थ्याला क्युप्राइटच्या फाइलवर अडून राहायचं कारण उरलेलं नाही. मराठवाड्यात पिकं निघाल्यावर, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, उघडी पडलेली जमीन त्याने बघावी. कठीण जाईल, पण कठीणच बघायला हवं.

आणि अगदीच सोपं हवं असेल तर कच्छ आहे. डेक्कनच्या लाव्ह्याची वायव्येकडची कड तिथपर्यंत जाते, आणि पाऊस बेताचा असल्याने दगड उघडा असतो. माता नो मढच्या परिसरात जॅरोसाइट आहे. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्या आणि इतर संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये त्याचा वर्णपटीय अभ्यास प्रसिद्ध केला. जॅरोसाइट हा ॲल्युनाइटचा सख्खा भाऊ. रचना तीच, फक्त ॲल्युमिनियमच्या जागी लोह. पांढऱ्याऐवजी पिवळसर तपकिरी. आम्लाच्या पाण्याशिवाय तो बनत नाही. २००४ साली ऑपॉर्च्युनिटी बग्गीला मंगळावर मेरिडियानीच्या मैदानात जॅरोसाइट सापडला तेव्हा तिथे कधीकाळी पाणी होतं, तेही आंबट, याचा तो भक्कम पुरावा ठरला. बेसाल्टच्या देशात जॅरोसाइट कसा बनतो आणि कसा टिकतो हे मंगळावर जाऊन पाहायची सोय नाही, म्हणून लोक कच्छला जातात.

मावशीला बरीच वर्षं आशापुरा मातेच्या दर्शनाला जायचंय, आणि ते देऊळ माता नो मढलाच आहे. येत्या जानेवारीत जायचं ठरतंय. तिची अट एकच: दर्शन आधी, दगड मागाहून, आणि चाटायचा असेल तर घरून बाटलीभर पाणी न्यायचं. भाच्याचा तो फोटो तिच्यापर्यंत पोचला होता.